बोंगरे मावशींचं तांदळाचं धुवण

सकाळी सहाला बोंगरे मावशी दार उघडायच्या त्या पेपर वाचायला नव्हे, बूट वाचायला.

जॉन्जू शहरात विद्यापीठाच्या मागच्या चढावर त्यांचं बोर्डिंग. नऊ खोल्या, नऊ मुलं आणि दारातल्या पायरीखाली नऊ जोड. शुद्धीत घरी आलेल्या मुलाचे बूट एकमेकांना चिकटून उभे असतात. दोन पेले घेतलेल्याचे जरा रुसल्यासारखे फटकून. त्याहून पुढे गेलेल्याचा एक बूट पायरीवर, दुसरा छत्र्यांच्या डब्यात. मावशी कमरेवर हात ठेवून सगळ्यांवरून नजर फिरवायच्या आणि मग नाश्त्याला बसलेल्या पोरांच्या मागून हळूच जाऊन कान बघायच्या. कान लाल म्हणजे काल काहीतरी झालं.

"मावशी, थंडीने लाल झालेत हो!"

"थंडी काय एकाच कानात शिरली का रे? दुसरा बघू."

वासावरून ओळखायची सोय नव्हती. तीन वर्षांपूर्वीच्या साथीत मावशींचं नाक गेलं. होतं जागच्या जागीच, पण कामाचं राहिलं नव्हतं. करपलेला भात त्यांना डोळ्यांनी कळायचा. समोरच्या केशकर्तनालयातली ह्येसुक म्हणायची, "देवाने बरोबर केलं ताई. वास येत असता तर तू पोरांना रात्रंदिवस हुंगत बसली असतीस, पोलिसांच्या कुत्र्यासारखी."

"तुझी जीभ का नाही गेली त्या तापात?" मावशी म्हणायच्या.

ह्येसुकची जीभ गेली असती तर अर्ध्या गल्लीला बातम्याच मिळाल्या नसत्या. तिच्या खुर्चीत एकदा मान मागे टाकली की माणसाला केस धुवून मिळायचे आणि वर शेजाऱ्यांची बित्तंबातमी.

मावशी मूळच्या डोंगरातल्या खेड्यातल्या. नवरा बस चालवायचा, तो लवकर गेला, मूलबाळ नाही, घर मोठं. सत्तावीस वर्षांपूर्वी दारावर पाटी लावली आणि तेव्हापासून पोरं येतात, जातात, लग्नाच्या पत्रिका पाठवतात. जेवण असं की सुट्टीत घरी गेलेलं पोर आईच्या हातच्या किमचीला नावं ठेवून आईचा मार खाऊन येतं. एकच गोष्ट त्या घरात शिजत नसे : मोडांचं सार. जॉन्जूत राहायचं आणि सोयाबीनच्या मोडांचं सार करायचं नाही म्हणजे विहिरीकाठी राहून पाणी न भरण्यासारखंच. आदल्या दिवशी प्यायलेल्या माणसाला सकाळी हेच गरम गरम सार देतात, तिखट घालून, वर अंडं फोडून. नव्या मुलाने मागितलं की मावशी भांडी जोरात आपटायच्या आणि जुनी मुलं त्याला टेबलाखालून लाथ मारायची.

कारण जुनं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी जिन्याखालच्या खोलीत थेसिक नावाचा मुलगा राहायचा. पहिलं वर्ष, मार्च महिना. नव्या मुलांना विभागात घेण्याचा वाडगा-विधी झाला. रांगेत उभं राहायचं, ओरडून नाव सांगायचं, शाळा सांगायची, गाव सांगायचं आणि माक्कॉलीने, म्हणजे तांदळाच्या त्या पांढऱ्या दारूने, भरलेला वाडगा एका दमात रिकामा करून डोक्यावर पालथा घालायचा. एक थेंब केसांवर पडला की दुसरा वाडगा. थेसिकला दोघांनी बगलेत धरून आणलं. मावशी म्हणाल्या, "झोपू द्या त्याला, झोपला की उतरेल." त्यांनी स्वतः पांघरूण घातलं, दिवा मालवला आणि सकाळसाठी मोड निवडायला बसल्या. तो उताणा झोपला होता. सकाळी सार उकळलं, निवलं, पुन्हा उकळलं. तोवर तो मुलगा कधीच गेला होता.

डॉक्टरांनी सांगितलं, पोलिसांनी सांगितलं, त्याच्या आईने तर मावशींचे हात धरून सांगितलं, की तुमची चूक नाही. मावशींनी ते ऐकून घेतलं आणि मोडांची पाटी अडगळीत टाकली. तेव्हापासून त्यांना सगळ्यांचा संशय यायचा. बुटांचा, कानांचा, जोरात हसणाऱ्यांचा, अजिबात न हसणाऱ्यांचा.

यंदा जिन्याखालच्या खोलीत सेजुन आला. समुद्राकडच्या गावचा, किडकिडीत, दर वाक्याला मान लववणारा. पहिल्याच आठवड्यात मटणात मुरवायला घातलेल्या चमचाभर दारूने त्याचे कान टोमॅटोसारखे झाले आणि मानेवर चट्टे उठले. मावशींनी ते पाहिलं आणि कॅलेंडरकडे पाहिलं. वाडगा-विधीला नऊ दिवस होते. विद्यापीठाने तो बंद केल्याची नोटीस लावून बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे आता तो नोटीस न लावता, टेकडीमागच्या माळावर होत असे.

आणि या नऊ दिवसांत घरात भलतंच काही सुरू झालं.

मावशी तांदळाचं दुसरं धुवण कालवणासाठी पातेल्यात झाकून ठेवत. सोमवारी पातेलं अर्धं. मंगळवारी रिकामं. बुधवारी पातेलंच घासून पालथं! पोरांनी न सांगता भांडं घासलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. गुरुवारी पिवळी पोचे आलेली किटली गायब. आणि शुक्रवारी मावशींनी असं काही पाहिलं की त्यांनी जिना चढता चढता बसून घेतलं. तिसऱ्या वर्षाचा इलक्यू पाठीवर पिशवी घेऊन आत शिरत होता आणि पिशवीत माक्कॉलीच्या बाटल्या खुळखुळत होत्या. रिकाम्या. सत्तावीस वर्षांत रिकाम्या बाटल्या घरातून बाहेर जाताना त्यांनी शेकड्यांनी पाहिल्या होत्या, बाहेरून आत येताना एकही नाही.

इलक्यूबद्दल त्यांना पहिल्यापासूनच शंका होती. त्याचे बूट नको इतके सरळ असत. जेवण झालं की ताट स्वतः उचलून ठेवी. "मावशी, आज तुमचे केस छान दिसतायत," असं म्हणे. एकवीस वर्षांच्या मुलाला बासष्ट वर्षांच्या बाईचे केस दिसतात म्हणजे नक्की काहीतरी लपवायचं असतं.

"दारू गाळतोय," ह्येसुकने निकाल दिला. हातात कुणाचं तरी अर्धं गुंडाळलेलं डोकं होतं, त्या डोक्यानेही मान हलवली. "धुवण, किटली, बाटल्या. आणखी काय पाहिजे? माझ्या मामाकडे अस्सं चालायचं."

"तुझ्या मामाला त्यासाठी पकडलं होतं ना?"

"म्हणून तर माहितीय."

त्याच संध्याकाळी मावशी मोरीत कपडे भिजवत असताना खिडकीतून आवाज आला. इलक्यू सेजुनला सांगत होता, "उद्या तोंड उघडायचं नाही. मी ओतेन ते गपकन पिऊन टाकायचं आणि बाकीच्यांसारखी झिंगल्याची अ‍ॅक्टिंग करायची."

"पण दादा, मावशींना कळलं तर?"

"मावशींना कळता कामा नये. त्यांचा चेहरा पोस्टाच्या पाकिटासारखा आहे. सगळा पत्ता वरच लिहिलेला."

मावशींनी हातातला सदरा असा पिळला की तो पुन्हा कुणाला घालता आला नसता. 'अ‍ॅक्टिंग' हा शब्द त्यांच्या कानावरून गेला. त्यांना ऐकू आलं ते एवढंच : मी ओतेन, गपकन पी, मावशींना कळता कामा नये.

शनिवारी सकाळी इलक्यू ग्रंथालयात गेला तशी मावशींनी ह्येसुकला फाटकात उभं केलं आणि किल्ल्यांचा जुडगा काढला. पोरांच्या खोलीत त्यांच्यामागे शिरायचं नाही हा त्यांचा स्वतःचा नियम. तो त्यांनी त्या दिवशी सपाता काढून उंबऱ्याबाहेर ठेवाव्यात तसा बाजूला ठेवला. गादीच्या घडीमागे बारा बाटल्या होत्या. पांढऱ्या, तळाशी गाळ बसलेला, लेबलं व्यवस्थित. त्यांनी झाकण उघडून वास घेतला नाही, कारण येणार नव्हता. चव घेतली नाही, कारण एकोणीस वर्षांत जिभेला तो थेंब लावला नव्हता. बाराच्या बारा मोरीत ओतल्या. मग रिकाम्या बाटल्यांकडे बघत त्यांना अशी युक्ती सुचली की स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. दोन मापं तांदूळ धुतले, ते दाट पांढरं पाणी बाटल्यांत भरलं, झाकणं लावली आणि गादीची घडी होती तशी केली.

"प्या म्हणावं आता किती प्यायचं ते!" त्या ह्येसुकला म्हणाल्या. "दिसायला तंतोतंत. रांगेतल्या एकाही पोराला काही होत नाही."

"ताई, तुला तर मंत्री करायला पाहिजे."

दुपारी एकला इलक्यू आला, बाटल्या भरलेली पिशवी पाठीला लावली, वाकून नमस्कार केला आणि सेजुनला घेऊन निघाला. मावशींनी इतक्या गोड आवाजात "सांभाळून जा रे बाळांनो" म्हटलं की दोघांनीही वळून पाहिलं.

घोटाळा उघड केला तो ह्येसुकने, आणि तोही मोरीत हात धुवायला गेली म्हणून.

"ताई, दारू कुठे ओतलीस?"

"तिथेच की."

"इथे दारूचा वास नाही." ह्येसुक खाली वाकली. "आल्याचा येतोय."

"आल्याचा?"

ह्येसुकने मोरीतल्या पिंपामागे दडवलेली ती गायब झालेली पिवळी किटली ओढून काढली, तळाला चिकटलेलं बोटावर घेतलं आणि चाखलं. तिचा चेहरा उतरला. "अगं, हे गोड आहे. धुवण उकळून साखर घातलीय, आलं घातलंय, आंबटपणाला थोडं दही. माझ्या पोरांना पाजलं तर माक्कॉली म्हणून पितील, अशी चव जमलीय. दारू नाहीच ही. त्या मुलाने खोटी दारू केली होती, ताई. आणि तू ती फेकून…"

"कच्चं धुवण भरलं," मावशी म्हणाल्या.

कच्चं धुवण तोंडात जाताच कुणीही थुंकणार होतं. मग बाटल्या उघडल्या जाणार, फसवणूक उघड होणार आणि खरी दारू येणार, तीही दंडासकट. मावशींनी एप्रन सोडला नाही, सपाता बदलल्या नाहीत. चढ चढताना मागून येणारी ह्येसुक दोनदा थांबली, बासष्ट वर्षांच्या मावशी एकदाही नाही.

माळावर तीसेक नवी पोरं-पोरी रांगेत उभी होती. गवत अजून पिवळंच होतं. बाजूला मावशींच्या बाटल्या आडव्या पडलेल्या आणि गवतावर पांढरं पाणी सांडलेलं. खऱ्या माक्कॉलीचे दोन खोके फोडलेले. इलक्यू गुडघ्यांवर बसला होता, त्याच्यापुढे चार वाडगे पालथे होते आणि त्याची मान तिला हवी तिकडे जात होती. बाटल्या आणायचं आणि ओतायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून दंडही त्याचाच. आता रांगेच्या टोकाला सेजुन उभा होता. दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला वाडगा, आणि कान आधीच लाल, नुसत्या भीतीने.

"नाव!" विभागाचा म्होरक्या मुनसॉक ओरडला.

"ओक सेजुन!"

"ऐकू येत नाही!"

"मला आलं," मावशी म्हणाल्या.

सगळे वळले. एप्रनमधली, धापा टाकणारी, एका पायातली सपात हातात घेतलेली बाई बघून कुणीतरी फिस्सकन हसलं.

मुनसॉकने कमरेत वाकून नमस्कार केला. उद्धट नव्हता तो, आणि तेच जास्त वाईट होतं. "मावशी, ही विभागाची परंपरा आहे. तुम्ही इथे…"

"ते बाटल्यांतलं पाणी मी भरलं. त्या पोराला कशाला पाजलंस?" त्यांनी इलक्यूकडे पाहिलं. त्याने हसायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. "बरं, परंपरा म्हणतोस ना? मग वडीलधारं माणूस आलं की पहिलं कोण ओततं?"

पहिलं ओतायचा मान वडीलधाऱ्याचा. हे माळावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. मुनसॉकने माक्कॉलीची किटली उचलली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

मावशींनी सेजुनच्या हातातला भरलेला वाडगा काढून घेतला, गवतावर ठेवला आणि त्यात ओतलं. काठावरून दारू वाहू लागली. त्या थांबल्या आणि पुन्हा ओतलं.

"मावशी, भरल्या पेल्यात ओतत नाहीत!" रांगेतली एक मुलगी घाबरून म्हणाली.

"नाही ना? घरी शिकवलेलं दिसतंय." त्यांनी तिसऱ्यांदा ओतलं. "मग कुणाच्या भरल्या पेल्यात ओततात?"

 पितरांच्या पूजेला दिवंगताच्या पेल्यावर पुन्हा ओततात, जिवंत माणसाच्या पेल्यावर कधीच नाही. लहान मुलालाही ते ठाऊक असतं.

"हा थेसिकचा," मावशी म्हणाल्या. "तुमच्याच विभागाचा. अशाच रांगेत उभा होता. नाव सांगितलं, शाळा सांगितली, गाव सांगितलं. आज अडतीस वर्षांचा असता. पोट सुटलं असतं, माझ्या किमचीला नावं ठेवत असता. मी त्याला झोपू दिलं." त्यांनी सेजुनला खांद्याला धरून पुढे आणलं. "या सेजुनचे कान बघा. चमचाभर दारूने याच्या मानेवर चट्टे उठतात. याच्याही वाडग्यात असंच ओतायचं असेल तर आत्ता सांगा. मी दर वर्षी येत जाईन, किटली घेऊन."

 मुनसॉकने वाडगा पुन्हा कुणाच्या हातात दिला नाही. रांग हळूहळू मोडली. मावशींनी जाता जाता नव्या पोरांना बजावलं, "कुणी बळेच बसवलंच तर पेल्याच्या तळाला बोटभर राहू द्यायचं. ज्याच्या पेल्यात शिल्लक आहे त्याला कुणी ओतू शकत नाही. ओतलंच तर विचारायचं, मी मेलोय का?"

सगळे शहाणे झाले असं नाही. मागच्या झाडांआड दोघं-चौघं खोक्यापाशी घुटमळतच होते. ह्येसुकने त्यांना त्यांच्या आयांच्या केसांचा रंग सांगितला, कुणाची आई कुठल्या महिन्यात रंगवून जाते तेही, तेव्हा ते पांगले.

इलक्यूला सेजुनने आणि मावशींनी दोन्ही बाजूंनी धरून खाली आणलं. तो पायरीपाशी बूट काढू लागला आणि एक बूट नेमका छत्र्यांच्या डब्यात पडला. मावशींनी तो पाहिला. त्याला खोलीत नेलं, उताणा पडला तसा ढकलून कुशीवर केला, पाठीमागे गादीची घडी लावली, तोंडापाशी टोपलं ठेवलं आणि स्वतः तिथेच बसल्या. मांडीवर फोन, त्यावर रुग्णवाहिकेचे एकशे एकोणीस हे आकडे आधीच दाबून ठेवलेले.

"मावशी, तुम्ही जा, झोपला की उतरेल," सेजुन म्हणाला.

"पुन्हा हे वाक्य या घरात बोललास तर तुझं गाठोडं बांधून देईन." मग जरा मऊ होऊन, "घड्याळ बघ. दर दहा मिनिटांनी मला सांग."

दर दहा मिनिटांनी मावशी इलक्यूच्या खांद्याला चिमटा काढत. "नाव?"

"…इलक्यू."

"शाळा?"

"मावशी, झोपू द्या ना."

"शाळा सांग! गाव सांग! ऐकू येत नाही!"

तो कण्हत सांगायचा. एकदा त्याने उत्तर द्यायला इतका वेळ लावला की मावशींचा अंगठा फोनवर टेकला. तेवढ्यात तो म्हणाला, "सुनचांग, मावशी. गाव सुनचांग. तिखटासाठी प्रसिद्ध." तिखटाची बढाई मारण्याइतकी शुद्ध आहे हे बघून त्यांनी अंगठा काढला. ऊन भिंतीवरून सरकून गेलं, समोर ह्येसुकने दुकानाचं शटर ओढलं, तेव्हा कुठे इलक्यूचे डोळे नीट उघडले.

"तुला थेसिकचं कुणी सांगितलं?" मावशींनी विचारलं.

"केस कापताना. ह्येसुक मावशींनी." तो ओशाळला. "म्हणाल्या, त्या घरात साराचं नाव काढू नकोस. मग सेजुनचे कान पाहिले आणि… तुम्हाला आधी सांगितलं असतं, पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नसता."

मावशींनी यावर विचार केला. "नसता," त्या म्हणाल्या.

मग उठून कुठेतरी गेल्या. अडगळीतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला आणि सेजुनने डोकावून पाहिलं तर मावशी स्वयंपाकघरात मोडांची जुनी पाटी नळाखाली घासत होत्या.

"मावशी," इलक्यू आतून क्षीण आवाजात म्हणाला, "भूक लागली."

"आधी मला एक सांग. त्या बारा बाटल्यांत साखर कुणाची होती?"

 सेजुनने हळूच घड्याळाकडे पाहिलं.

"तुमचीच."

"बघ! डबा हलका लागला तेव्हाच मला संशय आला होता," मावशी म्हणाल्या, आणि एकोणीस वर्षांतला पहिलाच बरोबर निघालेला संशय असल्यासारख्या समाधानाने त्यांनी नळ मोठा केला.